मेंदूच्या शल्यविशारदाची घडण



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनीच मला याच वर्गांतून शरीरविज्ञान शिकविले. फळ्यावर ते मेंदू काढीत तो हुबेहूब अक्रोडासारखा दिसे आणि आम्ही हसत असू. त्यांच्या नावाच्या व्याख्यानात मेंदूवरच बोलण्याची पाळी माझ्यावर यावी, हा मी माझा बहुमान समजतो.

न्यूरोसर्जन होण्यास किती वर्षे लागतात, हा पालकांचा नेहमीचा प्रश्न आधी निकालात काढतो. बारावीनंतर 'नीट' परीक्षा. मग साडेचार वर्षांचा एम.बी.बी.एस. आणि एक वर्षाची इंटर्नशिप. पुन्हा प्रवेशपरीक्षा, आणि सर्वसाधारण शल्यशास्त्रात तीन वर्षांची एम.एस. तिसरी प्रवेशपरीक्षा, आणि तीन वर्षांची एम.सीएच. बेरीज साडेअकरा वर्षे. काही संस्थांत एम.बी.बी.एस.नंतर थेट सहा वर्षांचा सलग अभ्यासक्रम आहे. एक परीक्षा वाचते, वर्षे तेवढीच. एकही परीक्षा न हुकली तर माणूस तिशीला टेकतो. माझी एक हुकली. मुलगा कमावता होण्याआधी वडील निवृत्त झाले, हे येथे बसलेल्या त्यांच्या स्नेह्यांना आठवत असेल.

ही वाटही फार जुनी नाही. डॉ. जेकब चांडी यांनी माँट्रियलला वाइल्डर पेनफिल्ड यांच्या हाताखाली शिक्षण घेतले आणि १९४९ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात भारतातील पहिला न्यूरोसर्जरी विभाग उघडला. पुढच्याच वर्षी मद्रासला डॉ. बी. राममूर्ती उभे राहिले. मद्रासच्याच डॉ. टी. एस. कनका यांनी १९६८ मध्ये एम.सीएच. मिळविली, या क्षेत्रातील त्या आपल्या देशातील पहिल्या महिला. समोर बसलेल्या मुलींनी हे नाव टिपून ठेवावे.

हाताच्या शिक्षणाविषयी लोकांना फार कुतूहल असते. तो हात सूक्ष्मदर्शकाखाली घडतो, आणि वयाचे बंधन त्याला नाही. झुरिकचे गाझी याशारगिल १९६५ साली, चाळिशीत, अमेरिकेतील बर्लिंग्टनला पुन्हा विद्यार्थी होऊन गेले. तेथील प्रयोगशाळेत प्राण्यांच्या बारीक रक्तवाहिन्या शिवायला शिकले आणि परत येऊन त्यांनी या शास्त्राचे रूपच पालटले. तथापि मला स्वतःला हातापेक्षा कान घडविणे कठीण गेले.

डोक्याला मार लागलेल्या रुग्णाची शुद्ध मोजण्याची एक पद्धत ग्लासगोच्या दोन डॉक्टरांनी १९७४ मध्ये दिली. डोळे, बोलणे आणि हालचाल यांना गुण द्यायचे. कमीत कमी तीन, जास्तीत जास्त पंधरा. यांपैकी बोलण्याला पाच. दक्षिणेतील एका मोठ्या रुग्णालयात मी प्रशिक्षणार्थी असताना एका रात्री अपघातातील एक शेतकरी आला. तो तेलुगूत एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता. मला ती असंबद्ध बडबड वाटली. बोलण्याला मी तीन गुण दिले, प्रकृती खालावते आहे असे समजून वरिष्ठांना झोपेतून उठविले. तेवढ्यात वॉर्डातली आया म्हणाली, "साहेब, घरी म्हैस कोण पिळणार, असं विचारतोय तो." माणूस पूर्ण शुद्धीवर होता. वरिष्ठ रागावले नाहीत. त्यांनी माझा आकडा खोडला, त्याच कागदामागे तेलुगूतील पाच प्रश्न मला समजतील अशा अक्षरांत लिहून दिले आणि सकाळपर्यंत पाठ करण्यास सांगितले. मराठी शाळेतून गेल्यामुळे इंग्रजी व्याख्याने समजत नाहीत म्हणून मी पहिल्या वर्षी रडलो होतो. परभाषेत सापडलेल्या माणसाची अवस्था मला तरी कळायला हवी होती.

भाषेजवळची गाठ काढताना रुग्णाला पुष्कळदा जागे ठेवतात. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. सूक्ष्म विद्युत्प्रवाह एकेका जागी लावायचा आणि चित्र दाखवून नाव विचारायचे. शब्द अडला तर ती जागा वर्ज्य. पेनफिल्ड यांनीच हा मार्ग रूढ केला. दोन भाषा बोलणाऱ्यांत काही जागी एकच भाषा अडते आणि दुसरी चालू राहते, हे १९७८ मध्ये ओजमान आणि व्हिटेकर यांनी दाखविले. आपल्या बेळगावात तर घरात मराठी आणि बाजारात कन्नड. तेव्हा दोन्ही भाषांत विचारावे लागते.

काही वर्षांपूर्वी खानापूरकडील एक आजी आल्या. आमच्याकडील परदेशी संचात हार्प होते, कॅक्टस होते. आजींना नावे येईनात. दोष गाठीचा की चित्रांचा, हे ठरेना. अखेर या शाळेच्या चित्रकला शिक्षकांनी मला सूप, उखळ, विळी, परडी अशी चित्रे एका रात्रीत काढून दिली. शस्त्रक्रियेत एका जागी प्रवाह लावताच आजी विळीच्या चित्रासमोर थांबल्या. ओठ हलले, शब्द नाही. मग म्हणाल्या, "ईळिगे." कन्नड आले, मराठी अडले. तिथे लागून असलेला गाठीचा भाग आम्ही तसाच ठेवला.

बाहेर मुलाने विचारले, "डॉक्टरसाहेब, सगळी का नाही काढली?" मी सांगितले, ती काढली असती तर आई तुमच्याशी घरच्या भाषेत कदाचित बोलली नसती, उरलेल्या भागावर लक्ष ठेवावे लागेल, पुढे उपचारही लागतील. तो बराच वेळ गप्प राहिला. मग आत जाऊन त्याने विचारले, "आई, दूध देऊ?"

"चहा," आजी म्हणाल्या.