जुन्या मोटारीचे पुनरुज्जीवन आणि सुट्या भागांचा शोध : अध्यक्षीय भाषण

वर्षानुवर्षे एका जागी उभी राहिलेली मोटार पुन्हा रस्त्यावर आणण्याच्या कामाचे तीन टप्पे आहेत : काय शिल्लक आहे ते तपासणे, काय लागणार आहे ते ठरवणे आणि लागेल ते मिळवणे किंवा घडवणे. तिसरा टप्पा सर्वांत अवघड समजला जातो आणि ‘पार्टच मिळत नाही’ ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. प्रत्यक्षात बहुतेक कामे पहिल्या दोन टप्प्यांतच फसतात. हवा असलेला भाग नेमका कोणता, त्याचे माप काय, तो कोणत्या सालच्या गाडीचा, हे लिहिलेले नसते, म्हणून बाजारात असलेला भागही हाती लागत नाही. टंचाई मालापेक्षा माहितीची अधिक आहे. या परिषदेपुढे हा विषय मांडताना उदाहरण म्हणून महाराष्ट्रात बनलेली आणि महाराष्ट्राने भरपूर वापरलेली मोटार, म्हणजे फियाट ११०० आणि तिचे पुढचे रूप प्रीमियर पद्मिनी, घेणे सोयीचे आहे.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन बनावटीच्या गाड्यांची जुळणी झाली आणि १९५०च्या दशकात इटलीच्या फियाटशी झालेल्या करारातून ११०० मालिका सुरू झाली. पुढचे दार मागच्या बाजूला बिजागरी असलेली, फुगीर अंगाची जुनी गाडी मुंबईकरांच्या तोंडी ‘डुक्कर फियाट’ झाली. १९६४च्या सुमारास आलेल्या ‘डिलाइट’ने चौकोनी अंग आणि पुढे बिजागरी असलेली दारे आणली. सत्तरच्या दशकात फियाट हे नाव गेले, आधी ‘प्रेसिडेंट’ आणि मग ‘पद्मिनी’ हे नाव लागले. गाडी मात्र तीच राहिली. तिचे उत्पादन थांबेपर्यंत शतक संपत आले होते.

एकच आराखडा तीन दशकांहून अधिक काळ चालल्यामुळे या गाडीची दुरुस्ती तिच्या वयाच्या मानाने सोपी झाली. इंजिन चार सिलिंडरचे, १०८९ सीसी, ६८ मिलिमीटर बोअर आणि ७५ मिलिमीटर स्ट्रोकचे; ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचे. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या कॉलमवर, चारही चाकांना ड्रम ब्रेक, मागे पाट्यांच्या स्प्रिंगा. यांत्रिक भाग बव्हंशी एका सालच्या गाडीचे दुसऱ्या सालच्या गाडीला चालतात. बदलत गेले ते दर्शनी भाग : जाळी, दिवे, डॅशबोर्ड, दारांची हँडले, नावाच्या पट्ट्या. त्यामुळे इंजिनाचे सामान मिळते आणि मागच्या दिव्याची एक काच मिळत नाही, असा अनुभव या गाडीच्या बाबतीत नेहमीचा आहे.

सुटे भाग मिळत राहिले त्याचे खरे श्रेय मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीला आहे. हजारो टॅक्सी रोज धावत असल्याने ब्रेक लायनर, किंगपिन, क्लच प्लेट, व्हील सिलिंडर यांना कायम गिऱ्हाईक होते. ते बनवणारे छोटे कारखाने चालत होते, आणि आवाज ऐकून दोष सांगणारे मिस्त्री गॅरेजोगॅरेजी होते. मुंबईत टॅक्सीच्या वयाची मर्यादा वीस वर्षे आहे. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ऑक्टोबर २००३ मधली. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून अधिकृतपणे गेली. गाडी हौशी लोकांकडे उरली, पण तिच्यामागचा व्यापार उरला नाही. भाग यापुढे आपोआप येणार नाहीत, हे गृहीत धरूनच आता कामाची आखणी करावी लागते.

पहिला टप्पा पाहणीचा. या गाडीला वेगळी चासी नाही. पत्र्याचे अंगच सगळा भार पेलते. म्हणून पाहणीची सुरुवात इंजिनापासून न करता गंजापासून करावी. गंज ठरावीक जागी धरतो : पायाखालचा पत्रा, दारांखालच्या पोकळ पट्ट्या, चाकांच्या कमानी, बॅटरीची बैठक, डिकीचा तळ आणि मागच्या स्प्रिंगांचे टोक जिथे अंगाला जोडलेले असते ती जागा. लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून पत्र्यावरून फिरवला की जिथे तो धरत नाही तिथे रंगाखाली लांबी भरलेली आहे हे कळते. दुसरी कसोटी जॅकची. गाडी एका बाजूने जॅकवर उचलावी आणि त्या बाजूचे दार उघडून पुन्हा लावावे. दार घासू लागले किंवा कुलपात बसेनासे झाले, तर अंग वाकते आहे. दारांखालच्या पट्ट्या आतून गेल्या आहेत. अशा गाडीला नवा रंग देणे म्हणजे आधी कळस मग पाया. पट्ट्या बदलायच्या तर जुना पत्रा कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवे-तिरपे आधार वेल्ड करून घ्यावे लागतात. नाहीतर पट्टी नवी बसते आणि दार कायमचे तिरपे होते.

यानंतर इंजिन. बंद गाडी सेल्फ मारून सुरू करून पाहण्याचा मोह इंजिनाला महाग पडतो. सिलिंडरमध्ये गंज धरला असेल तर रिंगा तुटतात आणि भिंतींवर ओरखडे उठतात. आधी स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडावे, ते काही दिवस मुरू द्यावे, मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँकच्या पुलीचा नट पान्याने हलक्या हाताने मागेपुढे फिरवावा. इंजिन मोकळे झाल्यावरही टाकीतले जुने पेट्रोल काढून टाकल्याशिवाय, टाकीचा गंज साफ केल्याशिवाय आणि ताजे ऑइल घातल्याशिवाय ते चालू करू नये.

इंजिन खोलल्यावर निर्णय मापावर घ्यायचा असतो. सिलिंडरचे माप वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी क्रँकला समांतर व काटकोनात, असे दोनदा घेतात. झीज सर्वांत जास्त वरच्या भागात, रिंगा जिथून परत फिरतात तिथे असते, आणि पिस्टनचा रेटा ज्या बाजूला येतो तिथे भोक लंबगोल होते. ही सहा मापे कागदावर आली की नव्या रिंगांवर भागेल की बोअर काढून ओव्हरसाइज पिस्टन घालावे लागतील, यावर वाद उरत नाही. ॲल्युमिनियमचे हेड तापून वाकण्याची या इंजिनाला सवय आहे; त्यावर सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने फट मोजावी. लेथवर हेडला फेसिंग मारता येते, पण प्रत्येक वेळी हेड पातळ होते आणि कॉम्प्रेशन वाढते. आधी किती वेळा फेसिंग झाले ते विचारात घेतलेच पाहिजे.

ब्रेकचे काम इंजिन सुरू होण्याआधी संपलेले असावे. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते, त्यामुळे उभ्या गाडीत मास्टर सिलिंडर आणि व्हील सिलिंडर आतून गंजतात. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ड्रममधली धूळ हवेच्या झोताने उडवण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी. टायरच्या बाबतीत नक्षी किती उरली यापेक्षा वय महत्त्वाचे. अलीकडच्या टायरवर चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष कोरलेले असते : १५०९ म्हणजे २००९ सालचा पंधरावा आठवडा. इतका जुना टायर नवा दिसला तरी वापरू नये.

दुसरा टप्पा यादीचा. प्रत्येक भाग काढण्याआधी त्याचा फोटो, काढल्यावर चिठ्ठी लावलेली पिशवी, आणि वहीत एक ओळ : भागाचे नाव, पार्ट्स कॅटलॉगमधला क्रमांक, माप, अवस्था. कारखान्याचे वर्कशॉप मॅन्युअल आणि पार्ट्स कॅटलॉग ही या कामाची मूळ पुस्तके. कॅटलॉगमधल्या आकृतीत वॉशरसुद्धा क्रमाने दाखवलेला असतो. डब्यात उरलेल्या चार वॉशरांचे कोडे त्यातूनच सुटते. चांगला भाग असो वा मोडका, नवा बसून चालू होईपर्यंत जुना टाकायचा नाही, हा नियम कडकपणे पाळावा. मोडक्या तुकड्यावरूनच पुढे माप घ्यायचे असते.

मापाची भाषा आली की शोध किती सोपा होतो ते बेअरिंगवरून दिसते. डायनामोसारख्या ठिकाणच्या बॉल बेअरिंगवर ६२०३ असा आकडा असतो. त्याचा अर्थ आतले भोक १७ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ४०, रुंदी १२. शेवटचे दोन आकडे ०४ किंवा त्याहून मोठे असले तर त्यांना पाचाने गुणले की भोकाचे माप मिळते : ६२०४ चे २०, ६२०५ चे २५. हे बेअरिंग ‘पद्मिनीचे’ म्हणून मागितले तर दुकानदार मान हलवतो. आकडा सांगितला तर कोणत्याही गावातल्या बेअरिंगच्या दुकानात मिळते, कारण तेच पंख्यात आणि पंपातही बसते. ऑइल सीलचेही तसेच : आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, या तीन आकड्यांत तो मिळतो.

तिसरा टप्पा मिळवण्याचा. यादीतील भागांचे चार गट पडतात. पहिला गट आजही बनणाऱ्या सर्वसाधारण वस्तूंचा : बेअरिंग, सील, प्लग, बल्ब, पट्टे, नटबोल्ट. दुसरा गट दुकानांच्या माळ्यावर न विकता पडून राहिलेल्या कंपनी मालाचा. जुन्या विक्रेत्यांकडे क्रमांक घेऊन गेल्यास तो अजून निघतो. तिसरा गट भंगारातल्या भागांचा. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि चोर बाजार, पुण्यात जुना बाजार, दिल्लीत मायापुरी, चेन्नईत पुदुपेट, कोलकात्यात मल्लिक बाजार ही त्याची ठिकाणे. इथून पत्रा, काचा, दारे, क्रोमच्या पट्ट्या, बिडाचे भाग घ्यावेत. स्टिअरिंगचे सांधे, ब्रेकचे होज आणि रबर भंगारातून कधीही घेऊ नयेत. इंजिन घेतल्यास बिल आणि कागद घ्यावेत, कारण इंजिन क्रमांकाचा बदल आरसीवर नोंदवावा लागतो.

चौथा गट नव्याने घडवण्याच्या भागांचा. बुश, पिना, स्पिंडल ही टर्नरची कामे. ओतकामात एक मेख असते : जुना भागच साचा म्हणून वापरला तर नवा भाग लहान निघतो. ॲल्युमिनियम थंड होताना सव्वा टक्क्याच्या आसपास आकसते, म्हणजे शंभर मिलिमीटरच्या भागात मिलिमीटरभर तूट येते आणि बोल्टची भोके जुळत नाहीत; साचा तेवढा वाढवून करावा लागतो. रबराची जात कामानुसार बदलते. तेल-पेट्रोलजवळ नायट्राइल, दाराच्या बीडिंगला ऊनपाऊस सोसणारे ईपीडीएम. ब्रेकच्या वॉशरांना तर इंजिन ऑइलचा हातही लागता कामा नये, ते फुगतात. पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असल्याने कार्बोरेटर आणि पेट्रोल पंपाचे जुने डायफ्राम, पाइप आणि वॉशर सरसकट बदलणे शहाणपणाचे. जस्ताच्या मिश्रधातूची हँडले आणि नावे खड्डे पडल्यावर पुन्हा क्रोम करणे कठीण. ती शोधणेच स्वस्त पडते.

पर्यायी भाग बसवावा की नाही, हा वाद जुना आहे. त्यावर व्यवहार्य कसोटी एकच : बदल उलटवता येतो का? डायनामोच्या जागी अल्टरनेटर बोल्टवर बसतो आणि काढता येतो. कॉलमचा गिअर काढून जमिनीवर आणण्यासाठी पत्रा कापावा लागतो. पहिला चालेल, दुसरा टाळावा. कायद्याचीही बाजू आहे. जुलै २०२१ मधील केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या खासगी मोटारीला ‘व्हिंटेज’ म्हणून, व्हीए अक्षरांच्या वेगळ्या क्रमांकाने नोंदणी मिळू शकते. मात्र ती मूळ स्वरूपात असावी, चासी, अंग किंवा इंजिनात मोठे फेरफार नसावेत, अशी अट आहे. डिलाइट आणि प्रेसिडेंट या वयाला पोचल्या आहेत. कापलेला पत्रा ही संधी घालवू शकतो.

या सर्वांतून परिषदेसमोर चार कामे येतात. पहिले, हाती असलेल्या कॅटलॉगांच्या आधारे भागांची मापांसह मराठी सूची करणे, म्हणजे तालुक्याच्या गावातल्या मिस्त्रीलाही बेअरिंगचा आकडा कळेल. दुसरे, रबर आणि काचांची मागणी एकत्र करणे. एका गाडीसाठी डाय करणे परवडत नाही, पन्नास गाड्यांसाठी परवडते. तिसरे, प्रत्येक पूर्ण झालेल्या कामाची बदललेल्या आणि घडवलेल्या भागांसह लेखी नोंद गाडीच्या कागदांसोबत ठेवण्याचा प्रघात पाडणे. चौथे आणि तातडीचे, टॅक्सीच्या जमान्यातील डेंटर, टर्नर आणि मिस्त्री काम करत आहेत तोवर आयटीआयच्या मोटर मेकॅनिक व टर्नर शाखांतील विद्यार्थ्यांना त्यांच्याकडे उमेदवारीसाठी पाठवणे. पहिली तीन कामे उद्याही होऊ शकतील. चौथ्यासाठी शिकवणारे हात हवेत, म्हणून सुरुवात तिथून झाली पाहिजे.