मूळ तेवढं राखा

(मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला वीस मिनिटं दिली आहेत, पण मागच्या खोलीतून बटाटेवड्यांचा वास यायला लागलाय, त्यामुळे थोडक्यात आटोपतो. विषय साधा आहे: एकदम शे-दोनशे फोटो लहान करणं. स्लाइड-शोसाठी, इमेलसाठी, या दिवाळी अंकासाठीसुद्धा आपण सगळेच ते करतो. आणि ते करताना घरातला ठेवा एका क्लिकमध्ये जाऊ शकतो, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाचं उदाहरण देतो. सांगलीच्या घरातले जुने अल्बम त्यांनी एका भारतभेटीत, २०१७ साली, चिकाटीने स्कॅन केले. सव्वाशे फोटो होते. इथे परत आल्यावर नातेवाइकांना पाठवायला ते लहान केले, आणि प्रोग्रॅमने विचारलं तेव्हा 'ओव्हरराइट' ला हो म्हटलं. पडद्यावर सगळं छान दिसत होतं, त्यामुळे कुणाच्या लक्षातही आलं नाही. पुढे ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला पूर आला आणि कागदावरचे अल्बम गेले. "स्कॅन आहेत ना," असं म्हणून सगळ्यांनी मनाचं समाधान केलं. मग आजोबा-आजींच्या लग्नाचा फोटो मोठा करून भिंतीवर लावायचा ठरलं, तेव्हा फाइल उघडली. रुंदी फक्त ६४० पिक्सेल! आजोबांचा चेहरा म्हणजे दहा-बारा चौकोनी डाग.

यात नेमकं गेलं काय, ते बघू. पिक्सेल म्हणजे रंगाचा एक ठिपका. ४ बाय ६ इंचाचा फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन केला की २४०० बाय ३६०० ठिपके मिळतात, म्हणजे ८६ लाखांच्या वर. तोच ६४० बाय ९६० केला की उरतात ६ लाख १४ हजार. चौदा ठिपक्यांमागे एक! चांगल्या छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात. म्हणजे मूळ फाइलवरून फोटो ८ इंच रुंद छापता आला असता, लहान केलेल्या फाइलवरून जेमतेम २ इंच. गेलेले ठिपके नंतर मोठं करून परत येत नाहीत. संगणक मधल्या जागा अंदाजाने भरतो. हल्लीची कृत्रिम बुद्धिमत्ता तर चेहरा इतका गुळगुळीत करून देते, की आजी सुंदर दिसते, पण आपली आजी दिसत नाही.

तुम्ही म्हणाल, रिसायकल बिन आहे की! पण तिथे 'डिलीट' केलेली फाइल जाते. इथे आपण काही डिलीट केलेलंच नसतं. जुन्या नावाने नवीन फाइल 'सेव्ह' केलेली असते. फोल्डर इंटरनेटवरच्या खात्याशी जोडलेलं असेल, तर तिथेही मूळच्या जागी लहान फाइल जाऊन बसते. म्हणजे ज्याला आपण बॅकअप समजत होतो, तोही गेला.

प्रोग्रॅमही सगळे सारखे वागत नाहीत. मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉईजमधला इमेज रिसायझर आपणहून वेगळी प्रत करतो, पण मूळ फोटोच बदलण्याचा एक चौकोन तिथे असतो. त्यात टिक करू नका. इरफानव्ह्यूमध्ये नवीन फाइली कुठल्या फोल्डरमध्ये जाणार, ते सुरू करण्याआधी बघून घ्या. आणि आपल्यातले जे कमांड टाइप करणारे आहेत, त्यांच्यासाठी: इमेजमॅजिकची 'मॉग्रिफाय' ही कमांड काही न विचारता मूळ फाइलवरच लिहिते. तिला 'पाथ' देऊन दुसरं फोल्डर दाखवलं, तर मूळ फाइली शाबूत राहतात.

तेव्हा मंडळी, चार गोष्टी लक्षात ठेवा. एक, आधी अख्ख्या फोल्डरची कॉपी करा आणि जे काही करायचं ते कॉपीवर करा. दोन, लहान फोटोंना वेगळं फोल्डर द्या, नावच 'लहान' ठेवा. तीन, आधी दोनच फोटोंवर करून बघा, मग दोनशेंवर. चार, मूळ फाइलींची एक प्रत हार्ड डिस्कवर घेऊन ती डिस्क काढून कपाटात ठेवा, आणि दुसरी प्रत भारतात भावाकडे किंवा बहिणीकडे ठेवा. आपली माणसं दोन देशांत आहेत, त्याचा एवढा तरी फायदा घेऊ या!

जागेची काळजी करू नका. सव्वाशे स्कॅन प्रत्येकी ५ एमबीचे धरले तरी ६२५ एमबी होतात. ते एका सीडीत मावले असते. जागा वाचवायला मूळ फोटो पुसण्याचे दिवस कधीच गेले.

आणि झालंच असेल, तर त्या डिस्कवर नवीन काही लिहू नका. इंटरनेटवरच्या खात्यात फाइलीची जुनी आवृत्ती मिळते का बघा, पण लवकर, कारण ती कायम ठेवत नाहीत. फोटो कॅमेऱ्यातले असतील तर कॅमेऱ्याचं कार्ड शोधा. कार्ड पुसलेलं असलं तरी फोटोरेकसारखा फुकट प्रोग्रॅम कधीकधी त्यातून फोटो काढून देतो. आणि ज्यांना ज्यांना फोटो दिले होते, त्यांना फोन करा.

त्या कुटुंबाने तेच केलं. पुण्याच्या चुलतभावाने स्कॅनिंगच्या वेळीच चाळीसेक फोटो पेनड्राइव्हवर घेतले होते. ते मूळ आकारात मिळाले. लग्नाचा फोटो त्यात नव्हता. आता तो दोन इंचांचाच, लहानशा चौकटीत, त्यांच्या देवघराशेजारी आहे.

या दिवाळीत फराळ झाल्यावर अर्धा तास काढा. घरातले मूळ फोटो कुठे आहेत आणि त्यांच्या प्रती किती आहेत, ते एकदा तपासा. मुलांनाही शेजारी बसवा. फोटोतली माणसं कोण, हे तेव्हाच सांगून होईल.

चला, वडे थंड होताहेत. सर्वांना दिवाळीच्या मनापासून शुभेच्छा!