गाडीचें नाक आणि पाणंदीचा चिखल

नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर लोहा हें तालुक्याचें गांव आहे. ह्याच तालुक्यांत माळेगांवच्या खंडोबाची यात्रा मार्गशीर्षाच्या अखेरीस भरते. घोडे, उंट, गाढवें, लाल कंधारी आणि देवणी गुरें ह्यांचा तेथील बाजार सर्वश्रुत आहे. पूर्वीं ह्या यात्रेस येणारें कुटुंब बैलगाडी जुंपून निघे. आज त्याच वाटेनें पिकअप नांवाची लहान मालमोटार धांवते. शेतांतील माल, आजारी म्हैस, लग्नाचें वऱ्हाड, सारें कांहीं तीच वाहते. म्हणून ह्या गाडीचा पुढचा भाग उंच करण्याची आणि तिला मोठे टायर चढविण्याची जी हौस ठिकठिकाणीं दिसते, तिचा विचार केवळ गॅरेजवाल्यांनींच करावा असें नाहीं.

हौस म्हणून तिची थट्टा करणें सोपें आहे. परंतु तिच्या मागें गरजही आहे. लोह्याकडील जमीन काळी. उन्हाळ्यांत तिला खोल भेगा पडतात आणि पावसाळ्यांत पाणी पिऊन ती फुगते. पाणंदीच्या वाटेवर दोन चाकोऱ्या खोल जातात व मधला माथा उंच राहतो. त्या माथ्यावर गाडीचें पोट टेकलें म्हणजे चाकें जागच्या जागीं फिरूं लागतात. सोयाबीनचीं पोतीं शेतांत पडलेलीं, आभाळ भरून आलेलें, अशा वेळीं गाडी चार बोटें उंच असती तर किती बरें झालें असतें, असें कोणाच्याही मनांत येईल.

जुन्या सुतारांनीं ह्या प्रश्नास उत्तर दिलें होतें. बैलगाडीचें लांकडी चाक छातीइतकें उंच, आणि त्यावरील लोखंडी धाव अरुंद. ती धाव चिखल कापून खालच्या घट्ट थरापर्यंत पोंचे आणि आंस मात्र चिखलापासून दूर राही. ओझें बेताचें, वेग बैलाचा. त्यामुळें उंचीचें भय नव्हतें. पुढें रबरी टायरची ठेंगणी गाडी आली, जिला कित्येक गांवीं अद्यापि ‘डनलॉप’ म्हणूनच ओळखतात. सडकेवर ती पुष्कळ अधिक ओझें नेई, पण ओल्या रानांत रुते. ज्या वाटेचें जें चाक, तें त्याच वाटेवर शोभे.

आतां पिकअपकडे वळूं. तिच्या मागच्या अ‍ॅक्सलवर टनावारी ओझें पेलण्याजोगे जाड पाटे असतात. साहजिकच रिकामी गाडी मागें उंच आणि पुढें किंचित् वांकलेली दिसते. हा वांक पाहून मालकास वाटतें कीं, पुढची बाजू खचली आहे. मग पुढच्या पाट्याखालीं, म्हणजे पाटा आणि अ‍ॅक्सल ह्यांच्यामध्यें, लोखंडी ठोकळा बसवून लांब यू-बोल्टांनीं तो आवळतात, किंवा एखादा पाटा वाढवितात. ज्या गाडीस पुढें गुंडाळीची स्प्रिंग असते तिच्या माथ्यावर जाड कडें घालतात. गाडी सपाट दिसूं लागते आणि मालक संतुष्ट होतो. पण हें सारें रिकाम्या गाडीचें माप आहे. पिकअप रिकामी उभी राहण्यासाठीं घेतलेली नसते. पोतीं चढलीं कीं मागचे पाटे दबतात, मागची बाजू खालीं बसते, आणि मुद्दाम उंच केलेलें नाक आभाळाकडे पाहूं लागतें.

आणि पोट तरी चिखलांतून वर येतें काय? बहुतेक पिकअपमध्यें जमिनीच्या सर्वांत जवळ असतो तो मागच्या अ‍ॅक्सलवरील डिफरन्शिअलचा फुगीर डबा. पुढच्या पाट्याखालीं दोन इंचांचा ठोकळा घातला तरी हा डबा केसभरही वर जात नाहीं. ठोकळ्यानें उचलली जाते ती वरची साटी; अ‍ॅक्सल जेथल्या तेथेंच राहतो. अ‍ॅक्सल उचलूं शकतो तो फक्त टायर. तेथें हिशेब करून पाहण्यासारखा आहे. २१५/७५ आर १५ ह्या सर्रास आढळणाऱ्या मापाच्या टायरचा व्यास सुमारें ७०३ मिलिमीटर भरतो. त्याऐवजीं २३५/७५ आर १५ घातला तर सुमारें ७३३. वाढ ३० मिलिमीटरांची, पण अ‍ॅक्सल चाकाच्या मध्यावर असल्यामुळें तो चढतो निम्मा, म्हणजे १५ मिलिमीटर. अर्ध्या इंचाहून किंचित् अधिक! एवढ्यासाठीं चार टायरांचे पैसे मोजावयाचे, आणि शिवाय इंजिनाची ओढ शेंकडा चारांनीं कमी करून घ्यावयाची. कारण चाक मोठें झालें कीं तेवढ्याच जोरानें तें फिरविणें इंजिनास जड जातें. चिखलांतून सुटण्यासाठीं घातलेला टायर चिखलांतच ओढ कमी करतो. ब्रेकचीही तीच गोष्ट. वेगदर्शक कांटा ६० दाखवील तेव्हां गाडी खरोखर ६२च्या वर धांवत असेल.

ह्या किरकोळ तोट्यांपलीकडे खरें संकट आहे तें रात्रीचें. भरलेली, नाक वर केलेली पिकअप हमरस्त्यावर येते. तिचे दिवे रस्त्यावर न पडतां समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत शिरतात. ऊंसाची गाडी विनादिव्यानें चाललेली असली तर ती त्या माणसास दिसत नाहीं, आणि पिकअपच्या हांकणाऱ्यास तरी कोठें दिसते? त्यांत पुढच्या चाकांवरील भार हलका झालेला असतो. स्टिअरिंगचा दांडा नव्या उंचीमुळें तिरपा झालेला, म्हणून एक चाक खड्ड्यांत जातांच गाडी आपण होऊन बाजूस ओढली जाते. जोरानें ब्रेक दाबला तर ठोकळ्यावर पीळ बसतो. आणि साटींत यात्रेकरू उभे असले तर गुरुत्वमध्य इतका वर गेलेला असतो कीं, रस्ता सोडून एक बाजू उतरणीवर जाणें गाडी कलंडण्यास पुरेसें होतें. मालवाहू गाडींत माणसें भरणें कायद्यानें निषिद्ध आहेच. पण यात्रेच्या दिवसांत तो निषेध कितपत पाळला जातो हें श्रोत्यांस सांगावयास नको.

मोटार वाहन कायदा, १९८८ ह्याचें ५२वें कलम असें आहे कीं, नोंदणींतील तपशील कारखानदाराच्या मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार मालकानें गाडींत करूं नये. सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें केरळांतील एका प्रकरणीं हेंच उचलून धरलें. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनें अशा प्रत्येक बेकायदा फेरफारास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठरविली. अपघातानंतर विमा कंपनी ठोकळ्याकडे बोट दाखवून भरपाईस हरकत घेईल तें वेगळेंच.

मग शेतकऱ्यानें रुतून बसावें काय? मुळींच नव्हे. पुष्कळदां पुढची बाजू खरोखरच खचलेली असते, कारण जुने पाटे बाक सोडून सरळ होतात. त्यांना पुन्हा बाक द्यावा किंवा मूळ मापाचे नवे घालावे. गेलेली उंची परत येते आणि कोन बिघडत नाहींत. टायर मूळ मापाचाच, पण खोल खांचांचा घ्यावा. आणि उंच करावयाची ती वाट करावी. २०२१ साली राज्य सरकारनें मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना काढली ती ह्याचसाठीं. बांधाच्या भांडणामुळें पाणंद अडून राहते, ही अडचण लहान नाहीं. पण मुरूम पडलेली पाणंद गांवांतील प्रत्येक गाडीस उचलते, ठोकळा एकाच गाडीस, आणि तीही पुढूनच.

ज्यांनीं ठोकळे आधींच बसविले असतील त्यांनीं एक परीक्षा घरच्या घरीं घ्यावी. नेहमींचें ओझें भरून गाडी सपाट जागीं एखाद्या भिंतीसमोर दहा पावलांवर उभी करावी. दिव्यांच्या मध्याइतक्या उंचीवर भिंतीवर खडूची रेघ ओढावी आणि अंधार पडल्यावर मंद दिवे लावावे. प्रकाशाची वरची कड रेघेच्या खालीं राहिली पाहिजे. ती रेघेच्या वर चढत असेल तर दिवे खालीं वळवून तेवढ्यावर समाधान मानूं नये. दुसऱ्या दिवशीं सकाळींच गाडी गॅरेजांत नेऊन ठोकळे काढून घ्यावे.