हिशेबतपासणी आणि लोकविश्वास
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



वार्षिक सभेत ताळेबंद मांडला गेला म्हणजे आपण त्याखालील हिशेबतपासनिसाची सही पाहतो आणि ‘मंजूर, मंजूर’ म्हणून चहापानाकडे वळतो. त्या सहीवर किती विसंबावे, याविषयी चार शब्द बोलण्याचे आम्ही योजिले आहे.

तपासनीस प्रत्येक पावती पाहत नाही. मोठ्या संस्थेत ते शक्यही नाही. चूक वा लबाडी कोठे संभवते हे तो आधी हेरतो आणि तेथे अधिक वेळ वेचतो. रोकड एकाच माणसाच्या हाती असेल तर रोकड, एकाच ऋणकोकडे मोठी रक्कम अडकली असेल तर ते कर्ज. जोखमीचा विचार तो हाच. म्हणून त्याची सही म्हणजे हमी नव्हे. ते पुराव्यावर आधारलेले मत होय. १८९६ साली किंग्स्टन कॉटन मिलच्या खटल्यात इंग्लंडच्या अपील न्यायालयाने तपासनिसाला राखणदाराची उपमा दिली, माग काढणाऱ्या शिकारी कुत्र्याची नव्हे. पण राखणदाराने निदान जागे तरी असले पाहिजे! आपल्याकडे १९४९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या सनदी लेखापालांच्या संस्थेने कठोपनिषदातून ब्रीद घेतले, त्याचाही आशय निजलेल्यांत जागे राहणे हाच आहे.

जाग सुटली म्हणजे काय होते? ७ जानेवारी २००९ रोजी हैदराबादच्या ‘सत्यम कॉम्प्युटर’ कंपनीच्या अध्यक्षांनी पत्राने कबुली दिली की, ५,३६१ कोटी रुपयांच्या दाखविलेल्या रोकड व बँकशिलकीपैकी ५,०४० कोटी मुळी अस्तित्वातच नव्हते. बेरजा चुकल्या होत्या काय? नव्हे. बँकेतील शिलकीची खातरजमा तपासनिसाने परस्पर बँकेकडून करून घ्यावयाची असते. ते काम कंपनीच्याच हाती सोपविले गेले, असा ठपका अमेरिकेच्या रोखेबाजार नियामकाने २०११ साली तपासनीस पेढ्यांवर ठेविला. ज्याचे हिशेब तपासावयाचे, त्याच्याच हातून पुरावा घेतला गेला.

पुढे २०१९ च्या सप्टेंबरात पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि प्रारंभी प्रत्येक खात्यातून अवघे १,००० रुपये काढण्याची मुभा ठेविली. मुंबईतील कित्येक कुटुंबांना त्या दिवशी कळले की, ताळेबंद हा केवळ जाणत्यांनी वाचावयाचा कागद नसून आपल्या मुलीच्या लग्नाचा आणि आजारपणाच्या औषधाचा प्रश्न आहे.

आता आमचा मुख्य मुद्दा. तपासणी बहुधा अज्ञानाने फसत नाही, भिडेने फसते. ‘भीड भिकेची बहीण’ असे आपल्या आजीबाई म्हणत, ते येथे तंतोतंत लागू पडते. ज्याच्याकडून मेहनताना घ्यावयाचा, त्यालाच अप्रिय प्रश्न विचारावयाचा, ही या व्यवसायाची मूळ अडचण होय. म्हणूनच २०१३ च्या कंपनी कायद्याने शेअरबाजारात नोंदलेल्या कंपन्यांना एकच तपासनीस ५ वर्षांहून व एकच पेढी १० वर्षांहून अधिक काळ सलग ठेवण्यास मनाई केली. आणि २०१८ साली तपासनिसांवर देखरेख ठेवणारे स्वतंत्र राष्ट्रीय प्राधिकरणही स्थापन झाले.

ज्ञातिसंस्थेत तर भीड दुप्पट! खजिनदार आपले मामा, चिटणीस आपले व्याही. त्यांना पावती कशी मागावी? पण शिष्यवृत्ती निधीत वर्षातून शंभर रुपये टाकणाऱ्या विधवा भगिनीचा विश्वास मामांच्या रागापेक्षा मोलाचा आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानुसार नोंदलेल्या न्यासाचा अनियमित वा अयोग्य खर्च आढळल्यास तो अहवालात नमूद करणे हे तपासनिसाचे कर्तव्यच आहे. अशी नोंद आली तर ती अपमान समजू नये.

तेव्हा आमची विनंती तीन गोष्टींची. ठेवींच्या पावत्या तपासनिसाने बँकेकडून परस्पर पडताळाव्यात. पैसे स्वीकारणारा व हिशेब लिहिणारा एकच नसावा. आणि सभेत अहवाल संपूर्ण वाचला जावा. प्रश्न विचारणारा सभासद संस्थेचा वैरी नव्हे, तो तिचा बिनपगारी राखणदार होय.