मडक्याला टिचकी मारतो, तशी मोबाईलवरच्या दुकानालाही मारा

हातातलं काम चालू द्या, कान तेवढे इकडे द्या. आणि जवळ पेन असू द्या, शेवटी दोन नंबर सांगणार आहे.

आजचा विषय आहे सायकलचे सुटे भाग. हसू नका. आपल्या गटांतल्या कितीतरी जणींच्या मुली आठवीपासून सायकलवर शाळेत जातात. काहींना ती मानव विकास कार्यक्रमातून मिळाली, काहींनी गटाचं कर्ज काढून घेतली. वर्ष-दीड वर्ष ती छान चालते. मग टायर झिजतो, ब्रेकची रबरं संपतात, फ्रीव्हील सटकायला लागतं. गावात पंक्चर निघतं, पण सुटा भाग मिळत नाही. तालुक्याला जायचं तर एका बाईचा रोज बुडतो. सायकल महिनाभर भिंतीला टेकून राहिली की मुलीचे खाडे सुरू होतात. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "राहू दे आता शाळा." प्रश्न नुसत्या टायरचा नाही, तो असा.

म्हणून आपण मोबाईलवर शोधतो. तिथं चांगले दुकानदार आहेत आणि लबाडही आहेत. ओळखायचे कसे? आपण बाजारात मडकं घेताना टिचकी मारतो ना, तशाच टिचक्या मारायच्या.

पहिली टिचकी मालाची. एका गटाला नऊ सायकलींचे टायर एकदम मागवायचे होते. मोबाईलवर अर्ध्या भावाची जाहिरात दिसली. एका ताईंनी फोन करून विचारलं, "दादा, टायर कुठल्या मापाचा?" तो म्हणाला, "ताई, सगळ्या लेडीज सायकलला बसतो. आजच पैसे टाका, उद्या भाव वाढेल." तिथंच पाल चुकचुकली, कारण सगळ्या सायकलींना बसेल असा टायर नसतोच.

सायकलीच्या टायरची कडा पुसून बघा. तिथं आकडे उठवलेले असतात. पुष्कळ लेडीज सायकलींवर २६ × १ ३/८ असतं आणि शेजारी ३७-५९०. जाड टायरच्या सायकलीवर २६ × १.७५ असतं आणि शेजारी ४७-५५९. बोलताना दोन्हींना आपण सव्वीसचाच टायर म्हणतो. पण ५९० आणि ५५९ हे रिमवर टायर जिथं बसतो तिथलं मिलिमीटरमधलं माप आहे. तीन सेंटिमीटरचा फरक! एकीचा टायर दुसरीला बसत नाही. जुन्या काळ्या बावीस इंची सायकलीचा टायर आणखी वेगळा, २८ × १ १/२. बावीस हे तिच्या सांगाड्याचं माप, टायरचं नव्हे. खरा दुकानदार आधी हे आकडे विचारतो, फोटो मागतो. "हा तुमच्या सायकलला बसणार नाही," असं म्हणून गिऱ्हाईक सोडणारा तर नक्कीच लक्षात ठेवावा.

दुसरी टिचकी पत्त्याची. केंद्र सरकारचे ई-कॉमर्सचे नियम २०२० पासून लागू आहेत. दुकानाचं कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव ग्राहकाला दिसलं पाहिजे, असं त्यात आहे. नुसता व्हॉट्सॲप नंबर म्हणजे पत्ता नव्हे. मोठ्या ॲपवरून घेताना सुद्धा खाली विकणाऱ्याचं नाव वेगळं असतं, ते वाचा.

पानावर जीएसटी नंबर असेल तर तो पंधरा अक्षरी असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पत्ता पुण्याचा आणि सुरुवात दुसऱ्या आकड्यांनी, असं असेल तर विचारा. जीएसटीच्या सरकारी वेबसाइटवर तो नंबर टाकला की नोंदलेलं नाव दिसतं, नोंदणी चालू आहे की रद्द तेही कळतं. प्रत्येक लहान दुकानदाराकडे हा नंबर असेलच असं नाही. पण ज्यानं छापलाय, त्याचा खरा असला पाहिजे.

तिसरी टिचकी पैशाची. यूपीआयनं पैसे पाठवण्याआधी समोरच्याचं नाव दिसतं. दुकानाचं नाव एक आणि खातं भलत्याच माणसाचं असेल तर हात आवरा. "पैसे परत करतो, पिन टाका," असं कुणी म्हटलं तर फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन लागत नाही, तो द्यायलाच लागतो. घरपोच आल्यावर पैसे देणं जरा बरं. पण बहुतेक वेळा पैसे आधी जातात आणि खोकं नंतर उघडतं, हेही विसरू नका.

चौथी टिचकी लोकांच्या बोलण्याची. नुसते तारे मोजू नका. नाराज गिऱ्हाइकांनी काय लिहिलंय आणि दुकानदारानं काय उत्तर दिलंय ते वाचा. सगळी स्तुती एकाच दिवसाची, एकाच साच्यातली असेल तर ती घरचीच समजा.

आणि शेवटची टिचकी, नऊ हवे असले तरी आधी एकच मागवा. त्या ताईंनी तेच केलं. "एक पाठवा, बसला की आठ घेऊ. आणि दुकानाचा पत्ता सांगा." त्यानंतर त्या माणसानं फोन उचलला नाही. गटाचे पैसे पेटीतच राहिले. मग तालुक्याच्या दुकानदाराला टायरच्या कडेचे फोटो पाठवले. भाव जास्त पडला, पण एसटीनं आलेले नऊच्या नऊ टायर बसले.

पार्सल आलं की उघडताना व्हिडिओ काढा. पावती जपा. परत पाठवायचं झालं तर कुरिअरचा खर्च कुणाचा, हे मागवण्याआधीच विचारा.

आता पेन घ्या. पैसे फसवून गेले तर ताबडतोब १९३० लावा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त. माल खराब आला, दुकानदार दाद देत नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. तिथं काम झालं नाही तर आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. दुकान परराज्यातलं असलं तरी आपल्याला तिकडं जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही. फसलेल्या बाईला मात्र कुणी बोल लावू नका. लाजेनं ती गप्प बसली तर चोराचंच फावतं.

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की एक काम करा. प्रत्येकीनं घरच्या सायकलीच्या टायरवरचे आकडे आणायचे, सचिवताईंनी ते वहीच्या शेवटच्या पानावर मुलीच्या नावासमोर लिहायचे. शाळा उघडण्याआधी कुणाला काय लागेल ते तिथंच कळेल.