दहा नंबरची जर्सी

(यंदा १५ ऑगस्टला ध्वजवंदनानंतर आपल्या सोसायटीतील मुलामुलींच्या फुटबॉल सामन्यांचा बक्षीस समारंभ झाला. त्या वेळी केलेले हे भाषण स्मरणिका समितीच्या आग्रहावरून थोडे नीटनेटके करून देत आहे.)



मला पाच मिनिटं बोला असं सांगितलंय. निवृत्त माणसाची पाच मिनिटं केवढी असतात ते तुम्ही वार्षिक सभांमध्ये अनुभवलेलं आहेच, तेव्हा चहा थंड झाला तर दोष माझा नाही.

मघाशी मुलींचा सामना पाहताना एक गोष्ट लक्षात आली. एकीच्या पाठीवर मेस्सी, दुसरीच्या रोनाल्डो, तिसरीच्या एम्बापे. छान आहे. पण मी सहज विचारलं, "आपल्या देशातल्या एका तरी महिला फुटबॉलपटूचं नाव सांगा." सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. म्हणून आज एकच नाव घेऊन आलोय. ते घरी घेऊन जा.

बाला देवी. पूर्ण नाव न्गांगोम बाला देवी. जन्म २ फेब्रुवारी १९९०, मणिपूरच्या बिष्णुपूर जिल्ह्यातल्या इरेंगबाम गावात. लहानपणी ती गावातल्या मुलांबरोबरच खेळली. मणिपूर हे राज्य आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या जिल्ह्याएवढं. पण इंफाळचा भलामोठा बाजार बायका चालवतात, मेरी कोम आणि मीराबाई चानू तिथल्याच, आणि महिलांची राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा या राज्यानं वीसाहून अधिक वेळा जिंकली आहे. त्याच मातीतल्या बेमबेम देवी १९९५ साली, पंधराव्या वर्षी, भारताकडून खेळल्या आणि पुढे २०२० साली पद्मश्री झाल्या. तेव्हा बालाला वाट दाखवणारं घरच्या घरी कुणीतरी होतं.

आता मी बँकवाला, त्यामुळे माझा पुढचा प्रश्न ठरलेला. पोट कशावर चालायचं?

आमच्या बँकेत खेळाडूंच्या कोट्यातून भरती व्हायची. आमच्या शाखेत एक कबड्डीपटू होता. तो दुपारी तीनला सरावाला निघाला की बाकीचे कुजबुजायचे, "बघा, निघाले साहेब." पण त्या नोकरीवर त्याचं घर उभं होतं. आपल्याकडे रेल्वे, पोलीस आणि बँका यांनी कित्येक खेळाडू असेच सांभाळले. बाला देवीलाही मणिपूर पोलीस दलात नोकरी मिळाली आणि ती पोलिसांच्या संघाची कर्णधार झाली. भारताची कर्णधारही झाली. २०१४ आणि २०१५ अशी लागोपाठ दोन वर्षं ती देशातली सर्वोत्तम महिला फुटबॉलपटू ठरली. आणि त्या वेळी देशात महिलांची लीग होती का? नव्हती! इंडियन विमेन्स लीगचा पहिला मोसम २०१६-१७ चा. म्हणजे देशातली सर्वोत्तम खेळाडू होती, पण वर्षभर खेळायला स्पर्धाच नव्हती. आमच्या भाषेत सांगायचं तर ठेव भरपूर, पण ती ठेवायला बँकच नाही.

लीग सुरू झाली आणि बाला देवी गोलांचा सपाटा लावत सुटली. २०१९ साली तिचा मणिपूर पोलीस संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला. बंगळुरू एफसी आणि स्कॉटलंडचा रेंजर्स यांच्यात तेव्हा सहकार्याचा करार होता. त्या वाटेनं ती त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चाचणी द्यायला ग्लासगोला गेली. रेंजर्स हा १८७२ साली स्थापन झालेला क्लब. आपली सोसायटी पंचवीस वर्षांची झाली म्हणून आपण तोरणं लावलीत, ते तिथे दीडशेच्या घरात होते. जानेवारी २०२० मध्ये रेंजर्सनं तिच्याशी अठरा महिन्यांचा करार केला आणि दहा नंबरची जर्सी दिली. फुटबॉलमध्ये दहा नंबर कुणाला देतात ते मुलांना विचारा. पेले, मॅराडोना, मेस्सी. परदेशातल्या क्लबशी पूर्ण वेळेचा व्यावसायिक करार करणारी ती पहिली भारतीय महिला. वय होतं जवळजवळ तीस. आपल्याकडे तिशीतल्या मुलीला लोक काय विचारतात ते मी सांगायला नको.

'व्यावसायिक' या शब्दाला आपण उगीच बिचकतो, जणू पैशासाठी खेळणं म्हणजे काही कमीपणाच. मी त्याचा साधा अर्थ सांगतो. सकाळी उठून सरावाला जाण्यासाठी कुणाकडे रजेचा अर्ज टाकावा लागत नाही. प्रशिक्षक असतो, व्यायामाचं वेळापत्रक असतं, खाण्यापिण्याकडे बघणारं कुणी असतं आणि पाय मुरगळला तर फिजिओ असतो. खेळ हीच नोकरी. मुलाला असा करार मिळाला तर आपण पेढे वाटतो. मुलीला मिळाला तर?

बरं, पुढे सगळं सुरळीत झालं असं समजू नका. ती तिकडे पोचते न पोचते तोच करोना आला. मार्च २०२० मध्ये फुटबॉल बंद. परका देश, कडाक्याची थंडी, दाराला कडी. आपण इथे बाल्कनीतून एकमेकांना हात करत होतो, तसं हात करायलाही तिला तिथे कोण होतं? सामने पुन्हा सुरू झाले आणि डिसेंबर २०२० मध्ये मदरवेलविरुद्ध बदली खेळाडू म्हणून उतरून तिनं रेंजर्सकडून पहिला गोल केला. रेंजर्सनं तो सामना ९-० असा जिंकला. आता कुणी म्हणेल, नऊ गोलांतल्या एका गोलाचं काय एवढं? पण युरोपातल्या वरच्या दर्जाच्या लीगमध्ये भारतीय महिलेनं केलेला तो पहिला गोल होता. नऊपैकी तो एक आपल्या खात्यावर जमा झाला.

मग गुडघ्यानं दगा दिला. जानेवारी २०२२ मध्ये महिलांचा आशिया चषक आपल्याच महाराष्ट्रात, मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाला, तेव्हा ती संघात नव्हती. इराणशी बरोबरी झाली आणि नंतर संघात करोना शिरल्यामुळे भारताला स्पर्धाच सोडावी लागली. घरच्या मांडवातून नवरीनं परत जावं, तसं झालं. बत्तीस वर्षांची दुखापतग्रस्त खेळाडू. संपलं, असंच कुणीही म्हटलं असतं. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये काठमांडूला दक्षिण आशियाई स्पर्धेत पाकिस्तानविरुद्ध भारत ५-२ असा जिंकला, त्यात एक गोल बाला देवीचा होता. भारतासाठी तिचा पन्नासावा. तिथवर पोचलेली ती पहिली भारतीय महिला. वय चौतीस.

मुलींनो, तुमच्या मागे इतिहासही आहे. १९७९ आणि १९८३ च्या आशियाई स्पर्धांत भारताच्या मुली उपविजेत्या होत्या. त्यानंतर आपण मागे पडलो, कारण बाकीच्या देशांनी मैदानं, प्रशिक्षक आणि लीग उभ्या केल्या आणि आपण नुसतं कौतुक केलं. आता वारं फिरतंय. ५ जुलै २०२५ ला आपल्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच देशात २-१ असं हरवलं. पात्रता फेरी खेळून आशिया चषकात जाण्याची ती आपली पहिलीच वेळ. ते सामने मार्च २०२६ मध्ये ऑस्ट्रेलियात. पुढच्या वेळी क्लबहाउसमध्ये मोठा पडदा लावा, वर्गणी माझी पहिली.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो मोठ्यांसाठी आहे.

'बी' विंगच्या मागच्या मोकळ्या जागेवर पार्किंगचे पट्टे मारायचा विषय येत्या सर्वसाधारण सभेपुढे आहे. गाड्या वाढल्या, हे खरं. रात्री उशिरा येणाऱ्याला गाडी रस्त्यावर लावावी लागते, हेही खरं. त्यांची अडचण मी हसण्यावारी नेणार नाही. पण आपल्या आवारात मुलींना संध्याकाळी निर्धास्तपणे खेळता येईल अशी ती एकच जागा आहे. मुलगा लांबच्या मैदानावर एकटा सायकलनं जातो. मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की आपण तिला तसं पाठवत नाही. म्हणजे पट्टे मारले तर मुलांचं मैदान लांब जाईल आणि मुलींचं मैदान बंद होईल. हा फरक लक्षात घेऊन मत द्या. माझी सूचना व्यवहाराची आहे. रात्री नऊ ते सकाळी आठ तिथे गाड्या लावाव्यात आणि संध्याकाळी पाच ते आठ जागा पूर्ण मोकळी असावी. ठराव मी मांडतो, अनुमोदक हवा आहे.

आपल्यातून बाला देवी घडेलच असं मी म्हणत नाही. पण इरेंगबाममध्ये मुलांनी त्या पोरीला खेळायला घेतलं आणि धावायला जागा होती, एवढ्यावर सुरुवात झाली. तेवढं आपल्याला जमण्यासारखं आहे.

पाच मिनिटांची पंधरा झाली. चहा घ्या. विजेत्या संघाचं अभिनंदन, हरलेल्यांचं जास्त अभिनंदन, कारण पावसात शेवटपर्यंत धावत त्याच होत्या.

जय हिंद, जय महाराष्ट्र.