कार्यक्षमता आणि कामगाराचे मत

(कामगार अभ्यासवर्गातील व्याख्यान)



कारखान्यात नवे यंत्र आले, कामाची वाटणी बदलली आणि उत्पादन वाढण्याऐवजी घटले, की व्यवस्थापकवर्ग त्याचे कारण कामगाराच्या मनात शोधू लागतो. कामगार जुन्याला चिकटून राहतो, त्याला बदल नको असतो, हे निदान तयारच असते. आजकाल तर बदलाचे व्यवस्थापन हे एक स्वतंत्र शास्त्र झाले असून, विरोध कसा ओसरवावा याचे धडे देणाऱ्या सल्लागारांची त्यावर उत्तम गुजराण चालते. विरोध हा जणू एखादा ज्वर आहे आणि योग्य मात्रा उगाळून चाटवली की तो उतरेल, अशी ही समजूत. ती कितपत खरी आहे?

मुंबईतील गिरणी कामगारांना या प्रश्नाची ओळख फार पूर्वीच झाली. १९२८ साली ससून गटाच्या गिरण्यांत ‘रॅशनलायझेशन’च्या नावाखाली दोन साच्यांऐवजी तीन साचे सांभाळण्याची योजना आली. साचेवाल्याच्या पदरात चार पैसे अधिक पडतील, असे सांगण्यात आले. मात्र उरलेल्या हातांचे काय, हे कोणी सांगितले नाही. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे दीड लाख कामगार संपावर राहिले. पुढे फॉसेट समितीने ही योजना तत्त्वतः रास्त ठरवली. ती रास्त होती की नव्हती, हा वाद बाजूला ठेवला, तरी एक गोष्ट उरते. ज्याच्या अंगावर तिसरा साचा पडणार होता, त्याला आधी कोणीही विचारले नव्हते.

यानंतर चोवीस-पंचवीस वर्षांनी अहमदाबादेत जे घडले, ते अधिक बारकाईने पाहण्याजोगे आहे. तेथील कॅलिको मिलमध्ये स्वयंचलित माग बसवण्यात आले होते. यंत्रे आधुनिक, कच्चा माल बरा, कामाचा अभ्यास करून प्रत्येकाचा बोजाही ठरवलेला. तरी उत्पादन अपेक्षेइतके येईना आणि सदोष कापडाचे प्रमाण कमी होईना. १९५३ साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी या खात्याची पाहणी केली. एका पाळीत २२४ माग आणि २९ कामगार होते, आणि या २९ जणांची कामे तब्बल १२ प्रकारांत विभागलेली होती. कोणी विणणारा, कोणी मागाच्या बॅटरीत कांड्या भरणारा, कोणी तुटलेले धागे सांधणारा, कोणी तेल घालणारा. प्रत्येकाच्या वाट्याला आलेल्या मागांची संख्या वेगळी; त्यामुळे एका विणकराला कांड्या भरून देणारा दुसऱ्याही विणकराच्या हाकेला बांधलेला, आणि धागा सांधणारा आणखी तिसऱ्याच्या. माग थांबला तर दोष नेमका कोणाचा, हे कोणालाच सांगता येऊ नये अशी ही रचना होती. कागदावर ती निर्दोष होती, हेही नमूद केले पाहिजे.

राइस यांनी एक कल्पना पुढे ठेवली: ठरावीक मागांचा एक संच एका लहान गटाकडे सोपवावा आणि आतली कामे त्या गटाने आपसात वाटून घ्यावीत. व्यवस्थापकांशी आणि देखरेख करणाऱ्यांशी चर्चा चालू असतानाच ही कल्पना कामगारांच्या कानी गेली. ती त्यांनी इतकी आपलीशी केली की, वरून आदेश निघण्यापूर्वीच त्यांनी एकमेकांना निवडून गट बांधले. चौसष्ट मागांमागे सात माणसे, असा मेळ बसला. पद्धत स्थिरावल्यावर मागांची कार्यक्षमता सुमारे ८० टक्क्यांवरून ९५ टक्क्यांवर गेली आणि सदोष कापड ३२ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आले. माग तेच होते, माणसेही तीच होती.

येथे एक शंका मात्र घेतली पाहिजे, कारण या प्रयोगाच्या स्तुतिपाठकांना ती सहसा सुचत नाही. एकमेकांना निवडून गट बांधणे सोपे गेले, ते कोणामुळे? मुंबई काय किंवा अहमदाबाद काय, विणकाम खात्याचे दरवाजे दलित कामगारांना दीर्घकाळ बंद होते. त्यांची जागा सूतखात्यात. धोट्यातून धागा ओढताना तोंड लावावे लागे, आणि तेवढ्यावर विटाळाचा बागुलबुवा उभा केला जाई. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर सडेतोडपणे मांडला होता. ज्या खात्यात शिरकावच नाही, तेथील गटाच्या स्वायत्ततेचे कौतुक दाराबाहेर उभ्या असलेल्याने कसे करावे?

आता अमेरिकेकडे वळू. व्हर्जिनिया राज्यातील मॅरियन येथे हारवूड कंपनीचा पायजमे शिवण्याचा कारखाना होता. तेथील स्त्री-कामगारांच्या कामाची पद्धत वरचेवर बदले, आणि दर बदलानंतर उत्पादन कोसळे. लेस्टर कोच आणि जॉन फ्रेंच यांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग असा: एका गटाला बदलाची नुसती सूचना दिली, दुसऱ्याचे प्रतिनिधी चर्चेला बोलावले, आणि अन्य दोन गटांत प्रत्येकीला नव्या कामाच्या आखणीत भाग घेऊ दिला. पहिल्या गटाचे उत्पादन घटले ते घटलेच. चाळीस दिवसांत शेकडा १७ जणींनी नोकरी सोडली. सर्वांनी भाग घेतलेले गट लवकरच सावरले आणि पूर्वीच्या मानाने सुमारे १४ टक्के पुढे गेले. परंतु या कथेतला मोलाचा भाग याहून पुढचा आहे. अडीच महिन्यांनी त्याच पहिल्या गटातील उरलेल्या स्त्रियांना दुसऱ्या एका बदलाच्या वेळी चर्चेत पूर्णपणे सामील करून घेण्यात आले, आणि त्यांचेही उत्पादन चढले. मनोवृत्तीचा सिद्धान्त येथे पार गळून पडतो. कारण ज्या अडेल ठरल्या होत्या, त्याच या स्त्रिया.

तथापि, हारवूडमध्ये काय विचारले गेले आणि काय विचारले गेले नाही, हेही पाहावे लागेल. बदल करावा की नाही, हा निर्णय झालेलाच होता. तो कसा करावा, एवढ्यापुरतेच मत घेतले गेले. वाढीव उत्पादनाचा नफा कसा वाटावा, हा विषय पटावर आलाच नाही. पुढे नॉर्वेतील एका पादत्राणांच्या कारखान्यात हाच प्रयोग करून पाहण्यात आला. त्याचे निष्कर्ष १९६० साली प्रसिद्ध झाले. तेथे उत्पादनात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. कामगारांना दिलेला सहभाग किरकोळ बाबींपुरताच होता, आणि नॉर्वेच्या कामगाराला आपले म्हणणे संघटनेमार्फत मांडण्याची सवय होती. कारखानदाराने बोलावलेल्या बैठकीने हुरळून जाण्याचे त्याला कारण नव्हते.

भारतात या मुद्द्यावर एकदा स्पष्ट बोलले गेले होते. १९५७ साली नवी दिल्लीत भरलेल्या १५ व्या भारतीय श्रम परिषदेत सरकार, मालक आणि कामगार संघटना या तिघांनी रॅशनलायझेशनसाठी अटी मान्य केल्या: कोणाची कपात होऊ नये वा मिळकत घटू नये, लाभाची न्याय्य वाटणी व्हावी, आणि कामाचा बोजा रीतसर मोजून ठरवावा. यांपैकी कपातीची अट मोडली तर ती दिसते, आणि बोजा घड्याळ लावून मोजता येतो. लाभाच्या वाटणीसाठी हिशेबाच्या वह्या उघडाव्या लागतात. औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ९-अ ने मालकावर बदलापूर्वी २१ दिवसांची सूचना देण्याचे बंधन घातले होते; वह्या उघडण्याचे बंधन त्या कलमात नव्हते.

कॅलिको मिलमध्ये एरिक मिलर १९७० साली पुन्हा गेले, तेव्हा एका खात्यात गटपद्धती जवळजवळ मूळ रूपात टिकून होती, अन्यत्र ती बरीच विरली होती. पुढे ती गिरणीच बंद पडली. त्या वेळी मात्र चौसष्ट मागांची जबाबदारी उचललेल्या त्या सात-सात जणांचे मत कोणी विचारले होते का?